आवाज थांबल्यानंतरचा आजार

महोदय,

स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात कानात येणारे आवाज, संशय आणि एखादी हिंसक घटना यांपलीकडे सहसा काही नसते. घरच्यांना वर्षानुवर्षे ज्याला तोंड द्यावे लागते ते मात्र वेगळेच असते. माझ्या धाकट्या भावाला ऐन कॉलेजच्या वयात हा आजार जडला. शेजारी भिंतीपलीकडून आपल्याविरुद्ध बोलतात ही त्याची पक्की खात्री गोळ्यांनी काही महिन्यांत ओसरली. पण आंघोळीसाठी चार-चार हाका माराव्या लागणे, समोरच्या चहावर साय धरली तरी कपाला हात न लावणे, मित्राचा फोन वाजू देणे हे तसेच राहिले. आलागेला प्रत्येक पाहुणा 'चांगला धडधाकट आहे, कामाला लावा' असे सुनावून जातो.

इच्छा, बोलणे आणि भावना व्यक्त करणे आटत जाणे हा आळस नसून याच आजाराचा भाग आहे. १९५२ पासून, म्हणजे क्लोरप्रोमाझीन या औषधाचा वापर सुरू झाल्यापासून, जी औषधे आली ती भास आणि भ्रम बऱ्यापैकी आटोक्यात आणतात. या लक्षणांवर मात्र त्यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि काही वेळा गुंगीची भरच पडते. मग 'गोळ्यांनीच पोरगा सुस्त झाला' असे ठरवून घरचे त्या परस्पर बंद करतात आणि आजार उलटतो. घरातल्या सततच्या टोमण्यांनीही तो उलटण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे; पण हे नातेवाईकांना समजावून सांगायला गर्दीच्या ओपीडीत (डॉक्टरांचा दोष नाही) वेळ कुणाला असतो?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क आणि त्यासाठी पुनर्वसनाच्या सेवा मान्य केल्या आहेत. प्रत्यक्षात सरकारी मानसिक आरोग्यसेवा म्हटले की आपल्यासमोर अजून येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयेच येतात. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, भास थांबलेल्या तरुणाला इस्पितळातील खाटेची नव्हे, तर रोज दोन-तीन तास जाऊन बसता येईल, झेपेल तेवढे काम करता येईल अशा जागेची गरज असते. अशी दिवसभराची केंद्रे निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला जोडून सुरू करावीत आणि तेथेच महिन्यातून एकदा नातेवाईकांची बैठक घ्यावी, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

– एका रुग्णाची बहीण, सांगली जिल्हा