केबिन, दरवाजे आणि मडगार्ड जुळवून देणाऱ्या वस्तादांस

आदरणीय वस्ताद,

सा. न. वि. वि.

स्वतःच्या कामाविषयी चारचौघांत बोललेले आपल्याला रुचत नाही, हे ठाऊक असूनही हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आमच्या 1951 च्या शेवरले ट्रकची केबिन, दोन्ही दरवाजे, बॉनेट आणि मडगार्ड आज एकमेकांशी नीट जुळले आहेत, ते आपल्यामुळे. आपण हे काम ज्या क्रमाने केलेत, तो क्रम जुन्या गाड्या उभ्या करणाऱ्या इतरांनाही कळावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे त्या काळी बहुतेक ट्रकांची केबिन स्थानिक बॉडीबिल्डर लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बांधत असे, आणि दरवाजा घासू लागला तर रंधा मारून भागत असे. आमची केबिन मात्र कारखान्याची, पूर्ण पोलादी. शेवरलेने ही ठेवण 1947 मध्ये आणली आणि 1955 पर्यंत चालवली. परंतु दरवाजाला पुढची छोटी उघडणारी काच 1951 मध्ये आली आणि खाली फिरवायची मूठ जाऊन दाबायचे बटण 1952 मध्ये आले, त्यामुळे काच नवी पण मूठ जुनी असा आमचा दरवाजा त्या एकाच वर्षाचा आहे. ‘दुसरा दरवाजा आणून बसवा’ हा सल्ला अनेकांनी दिला होता. आपण तो मानला नाहीत, याबद्दल आपले पहिले आभार.

ट्रक आमच्याकडे येण्यापूर्वी कोणीतरी उंबऱ्याचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडला होता, आणि कापताना केबिनला आतून आडवे टेके दिले नव्हते. उजव्या दरवाजाची चौकट त्यामुळे तिरकी झाली होती. बाकीचे सगळे दरवाजाकडे पाहत होते. आपण दरवाजाला हातही न लावता चासीवर पाणसळ ठेवलीत, इंजिन आणि रेडिएटर जागेवर असल्याची खात्री केलीत, कारण वजन आल्यावर चासी थोडी वाकते आणि रिकाम्या चासीवर जुळवलेली फट नंतर टिकत नाही. मग केबिनखालची कुजलेली रबरे बदलून, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून, एकेका कोपऱ्याखाली पातळ पत्र्याचे पॅकिंग घालत आणि काढत आपण वरची फट कशी मिटते आणि खालची कशी उघडते, हे मला डोळ्यांनी दाखवलेत. इतके शांतपणे शिकवणारा माणूस मला या धंद्यात दुसरा भेटलेला नाही.

त्यानंतर उघड्या दरवाजाची मागची कड वर उचलून बिजागरीतला ढिलेपणा पाहिलात आणि नव्या पिना व बुश बसवल्याखेरीज पुढे जायचे नाही, असे ठरवलेत. दरवाजा चढवला तो लॉक आणि कडेचे रबर काढून, म्हणजे त्याला कोणी ओढणारे किंवा ढकलणारे उरले नाही. आधी मागची फट केबिनच्या खांबाशी जुळवायची, कारण तो खांब हलणार नाही. पुढची फट मडगार्ड सरकवून नंतर साधता येते, हा आपला नियम मी लिहून ठेवला आहे. जिथे कड कमी पडली, तिथे लांबी (पुट्टी) न भरता आपण वेल्डिंगची बारीक सळई जोडून कानशीने घासलीत, कारण रोज आपटणाऱ्या कडेवर लांबी टिकत नाही. हे काम वेळ खाणारे होते आणि रंगाखाली झाकलेही जाणार होते, तरी आपण ते टाळले नाहीत, याचे मोल मी जाणतो.

बॉनेट आणि मडगार्ड त्या मानाने लवकर बसले, तेही रेडिएटरच्या चौकटीखाली पॅकिंग घालूनच. दरवाजाच्या कडेचे नवे रबर जास्त कडक असल्याने दरवाजा लॉकपर्यंत पोहोचत नव्हता. आपण मऊ रबर शोधून आणलेत आणि त्याचे पैसे घेण्यासही तयार नव्हता.

शेवटी बिजागरी आणि खांब यांतून आरपार तीन मिलिमीटरची भोके पाडून ठेवलीत, म्हणजे रंगकामासाठी सगळे उतरवल्यावर त्या भोकांत खिळा घालून दरवाजा पुन्हा नेमका त्याच जागी येईल. रंगाचे काम आता सुरू होत आहे. दरवाजे पुन्हा चढवायचे असतील त्या दिवशी आपण जरूर यावे, आणि आमची मुले बोल्ट आवळत असताना शेजारी उभे राहावे, ही नम्र विनंती.

आपला ऋणी,
शेवरलेचा मालक