पुत्रदात्रीच्या नावाविषयी

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र परवा मिळाले. बायबलातील राहेल आणि लेआ यांच्या कथेत गव्हाच्या हंगामात रऊबेनला शेतात सापडते ती 'पुत्रदात्री' कोणती, हे तू विचारलेस, आणि तेव्हापासून माझे मन त्या एका नावातच गुंतले आहे. ती मँड्रेक असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हिब्रूतील तिचे नाव 'दूदाईम' हे प्रेमवाचक 'दोद' या शब्दाशी जोडले जाते. मराठी भाषांतरकाराने मात्र अपत्यप्राप्तीची समजूतच नावात ओवली, हे मला फार सुंदर वाटते.

भूमध्य समुद्राभोवती उगवणारी ही वनस्पती आपल्या वांग्याच्या आणि धोतऱ्याच्या कुळातली आहे. तिचे जाड मूळ पुष्कळदा दुभंगून दोन पायांच्या माणसासारखे दिसते. धोतऱ्यातली गुंगी आणणारी विषे तिच्यातही असतात. म्हणूनच पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने शस्त्रक्रियेपूर्वी तिचे मद्य रुग्णाला पाजण्याविषयी लिहून ठेवले आहे.

ग्रीकांच्या 'मांद्रागोरास' या शब्दाचे मूळ निश्चित झालेले नाही. फारसीत हिला 'मर्दुम-गियाह', म्हणजे मनुष्य-वनस्पती, म्हणतात आणि ग्रीक शब्द तशाच एखाद्या इराणी नावावरून आला असावा, असे काही विद्वानांचे मत आहे. ते सिद्ध झालेले नसले, तरी 'मर्दुमकी गाजवली' असे म्हणताना आपणही तोच 'मर्दुम' उच्चारतो, हे ध्यानात आल्यापासून त्या मताकडे माझा ओढा आहे.

पुढे इंग्रजांच्या कानांनी 'मँड्रागोरा'त आपले ओळखीचे शब्द ऐकले: 'मॅन' म्हणजे माणूस आणि 'ड्रेक' म्हणजे जुन्या भाषेतला अग्निसर्प. फ्रेंचांच्या तोंडी तर 'माँद्रागोर'चे 'मँ द ग्ल्वार', म्हणजे वैभवाचा हात, झाले. आणि नावात हात आला म्हणून, मुळाशी काहीही संबंध नसलेली, फाशी दिलेल्या माणसाचा सुकवलेला हात चोरांना घरफोडीत साहाय्य करतो ही भयंकर समजूत त्या नावाला चिकटली. नुसत्या उच्चाराच्या अपभ्रंशातून एवढी मोठी कल्पना उभी राहावी, याचे मला अजून नवल वाटते.

तुझ्याजवळची प्रत कोणत्या साली छापलेली आहे, ते अवश्य कळव. त्याहून जुन्या आवृत्तीत 'पुत्रदात्री' हाच शब्द आहे का, हे मला पडताळून पाहायचे आहे.

घरी वडीलधाऱ्यांना नमस्कार.

तुझा,
माधव