दुधाच्या डब्यात जंतूंचाही घास हवा

मा. संपादक,

सुनेला दूध कमी पडलं, म्हणून डॉक्टरांनी नातवाला डब्याचं दूध सांगितलं. बेळगावहून आणलेला डबा चष्मा पुसून पुसून वाचला. बारीक इंग्रजीत प्रथिनं, लोह सगळं होतं. आईच्या दुधात मात्र ऑलिगोसॅकराइड नावाच्या 150 हून अधिक प्रकारच्या शर्करा असतात. बाळाला त्या पचतच नाहीत! त्यांच्यावर आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया हे उपयोगी जंतू पोसतात आणि आम्ल तयार करून रोगजंतूंना आवर घालतात. यातल्या मोजक्या शर्करा आता कारखान्यात बनतात, काही डब्यांत असतातही. मग साऱ्यांत का नकोत? 1992 च्या कायद्याने या डब्यांची जाहिरात बंद आहे, ते योग्यच. पण घटक तरी मराठी-कन्नडात ठळक छापा की!

– एक आजी, खानापूर