साठ टक्के, पण कशाचे?

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर आईच्या हृदयतपासणीचा रिपोर्ट वाचून तुम्ही खुशीत म्हणालात, "ईएफ ६० टक्के लिहिलंय, म्हणजे हिचं डावं हृदय ठणठणीत." काकांनाही सांगून आलात म्हणे. तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला मीच विचारते: ६० टक्के, पण कशाचे?

ईएफ म्हणजे कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडलं ते. समजण्यापुरते आकडे घ्या. डाव्या कप्प्यात १०० मिली रक्त भरलं आणि ६० बाहेर पडलं, तर ६० टक्के. ७० भरलं आणि ४२ बाहेर पडलं, तरी ६० टक्केच. आईचं हे दुसरं गणित आहे. डावा कप्पा कामचुकार नाही, त्याच्या वाट्याला रक्तच कमी येतंय.

मूळ दुखणं फुप्फुसाचं. आईने विडीला कधी हात लावला नाही, पण तीस वर्षं चुलीपुढे फुंकणी धरली. फुप्फुसाच्या ज्या भागात प्राणवायू कमी, तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात, रक्त चांगल्या भागाकडे वळावं म्हणून. थोडा भाग बिघडला असेल तर ही सोय उत्तम. पण सगळीकडेच प्राणवायूची बोंब असली की सगळ्याच आवळून बसतात आणि उजव्या कप्प्याला त्यांतून रक्त रेटावं लागतं. त्याची भिंत जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर, डाव्याच्या निम्मी. त्याला सवय २५ च्या आसपास दाबाची, आईचा ६० च्या वर गेलाय. मग तो फुगतो. पुढे कमी ढकलतो, म्हणून डावीकडे कमी पोचतं. आणि एवढ्यावर भागत नाही.

आपली आणि काकांची सामाईक भिंत आठवा. पन्हळ फुटली त्यांची, पाणी मुरलं त्यांच्या बाजूने, आणि भिंतीला पोट सुटलं ते आपल्या माजघरात. आईने कणगी हातभर पुढे ओढली होती. मी फुगवट्यावर हात ठेवला तर गार ओल लागली आणि पोपडे हातात आले. काकांकडे चहा पिताना मात्र काही कळतही नव्हतं.

हृदयाच्या दोन कप्प्यांतही अशीच एक भिंत असते. आईचा टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, माझ्या सहकारणीने केला. रोज वीस-पंचवीस करणारी मी, त्या दिवशी प्रोब हातात घेतला नाही, नुसती मागे उभी राहिले. आडव्या छेदात डावा कप्पा भाकरीसारखा गोल दिसायला हवा. आईचा एका बाजूने चपटा, इंग्रजी 'डी'सारखा दिसत होता. बाहेरून हृदयाला पिशवीचं आवरण, त्यामुळे उजव्याने जागा खाल्ली की ती डाव्याचीच जाते. शिवाय थकलेला उजवा कप्पा आकुंचन उशिरा संपवतो. डावा सैल होऊन भरायला लागतो, नेमकी तेव्हाच भिंत त्याच्या अंगावर येते. म्हणून चार पायऱ्या चढल्या की आईला दम लागतो, ६० टक्के असूनही.

आता खरं काम. ते प्राणवायूचं मशीन दम लागल्यावर लावायचं औषध नाही. १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या दोन अभ्यासांत दिसलं, की फुप्फुसाच्या आजाराने रक्तातला प्राणवायू सतत कमी असलेली जी माणसं तो रोज १५ तास किंवा जास्त घेत होती, ती जास्त जगली. आई, तू दोन तास घेतेस आणि "नाकाला टोचतं" म्हणून काढून ठेवतेस. बाबा, तुम्ही काटा परस्पर २ वरून ३ वर नेलात. तसं करू नका, अशा फुप्फुसांना जास्त प्राणवायूही बाधतो.

हिशेब मांडलाय. रात्री ९ ते सकाळी ६, हे ९ तास. दुपारी १ ते ४ आडवी होतेस, ते ३. संध्याकाळी ६ ते ९ तुझ्या मालिका, ते ३. झाले १५. स्वयंपाकाची वेळ यात कुठेच येत नाही, कारण नळी लावून गॅसजवळ जायचं नाही. देवाजवळची समई आणि उदबत्तीही नको. तिन्हीसांजेचा दिवा तुळशीपाशी बाबा लावतील. आई, तू आत बसून शुभंकरोती म्हण. बाबांना वात नीट वळता येत नाही, तेवढ्या दुपारी करून ठेव.

तुमची,
लेक