रक्त दिसायची वाट बघू नकोस

प्रिय दिगू,

तुझी चिठ्ठी आणि फोटो मिळाले. कोंबडीची ४ आठवड्यांची ५० पिल्लं, आठ दिवसांची पावसाची झड, तीन पिल्लं पिसं फुगवून डोळे मिटून कोपऱ्यात उभी आणि गोणपाटावर तांबडी शिट. ही रक्ती हगवणच, म्हणजे कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीचा रोग. ३ ते ६ आठवड्यांची पिल्लं हे तिचं हुकमी गिऱ्हाईक.

रक्त दिसतं तोवर रोग पोटात शिरून चार-पाच दिवस झालेले असतात, आणि मर एक-दोन दिवसांत सुरू होते. म्हणून आजारी तेवढी पिल्लं वेगळी काढून त्यांनाच औषध पाजत बसू नकोस. आजच सगळ्यांच्या पाण्यात औषध पडू दे.

ॲम्प्रोलियमची २० टक्केवाली पावडर आण. लिटरला १.२ ग्रॅम, ५ दिवस. तुझी ५० पिल्लं दिवसाला साधारण ४ लिटर पाणी पितील, म्हणजे रोज ४.८ ग्रॅम. चमच्याच्या अंदाजावर जाऊ नको, सोनाराकडे असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घे. पाणी रोज सकाळी ताजं कालव, आणि दुसरं पाणी कुठेही ठेवू नकोस. पागोळ्यांखालचं डबकं दिसलं की पिल्लं औषधाकडे ढुंकून बघत नाहीत. पाच दिवसांनी मात्रा लिटरला ०.३ ग्रॅमवर आण आणि आणखी आठ-दहा दिवस चालू ठेव. मध्येच थांबवलंस की आठवड्याभरात दुसरी लाट येते, कारण आजारी पिल्लांनी टाकलेली रोगाची अंडी तोवर खाली अंथरलेल्या तुसात तयार झालेली असतात. जी उठून पीतच नाहीत त्यांना ड्रॉपरने तेच पाणी चोचीच्या कडेने थेंब थेंब पाज. घाईने ओतलंस तर श्वासनळीत जाईल.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. पिल्लू गळपटलं म्हणून लोक त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स घालतात. ॲम्प्रोलियमचा सगळा डाव व्हिटॅमिन बी-१ चं सोंग घेण्यावर आहे. परजीवी खरं समजून ते घेतो आणि उपाशी मरतो. तू खरं बी-१ ओतलंस की औषधाचा जोर गेला. बी-कॉम्प्लेक्स कोर्स संपल्यावर दे. आत्ता द्यायचंच तर व्हिटॅमिन ए आणि के दे. रक्त थांबायला के लागतं. साध्या अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही, हा जीवाणू नव्हे. सल्फा औषधं चालतात, पण उन्हाळ्यात पिल्लं दुप्पट पाणी पितात, मात्राही दुप्पट जाते आणि औषधानेच रक्तस्राव होतो. हळद-लसणाने बिघडत काही नाही, पण त्यावर विसंबून दोन दिवस घालवू नकोस.

पण औषध हे निम्मंच काम. ओल आणि ऊब मिळाली की रोगाची अंडी एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात. कोकणातला आषाढ म्हणजे त्यांची चंगळ. खुराड्यातलं मूठभर तूस घट्ट दाबून बघ. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर फार ओलं, सुटून पडलं तर ठीक. पाण्याच्या भांड्याभोवतालचं ओलं तूस रोज काढून लांब पूर आणि तिथे कोरडं घाल. भांडं विटेवर चढव, कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला यायला हवी, म्हणजे त्यात पाय घालून शिटणार नाहीत. फिनेल आणि ब्लीचिंग पावडर ओतून या अंड्यांना काही होत नाही. भांड्यांना उकळतं पाणी आणि ऊन. पावसाची झड येते म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री लावलीस तर आतला दमटपणा वाढेल. वरची वीतभर जागा उघडी ठेव. मोठ्या कोंबड्या हा रोग आजारी न पडता बाळगतात, तेव्हा आधी पिल्लांचं आवर, मग त्यांच्याकडे जा, उलट नको.

प्रत्येक शिटेने घाबरूही नकोस. आठ-दहा शिटांमागे एक चॉकलेटी, चिकट, उग्र वासाची असते, ती आंधळ्या आतड्यातली, निरोगी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पांढरी शिट गुदाला चिकटून पिल्लं भराभर मरत असतील तर तो पुलोरम. ३ ते ६ आठवड्यांच्या वयात एकदम बरीच पिल्लं थरथरायला लागली, पांढरं पाणी गेलं, तर गंबोरो. हिरवी शिट, तोंड उघडून श्वास, वाकडी मान म्हणजे राणीखेत. यातल्या एकावरही ॲम्प्रोलियम चालत नाही.

खात्री हवी असेल तर नुकतंच मेलेलं पिल्लू हातमोजे घालून उघड. लहान आतडं संपतं तिथून दोन बंद पिशव्या निघतात, तीच आंधळी आतडी. एरवी त्या बारीक, हिरवट-तपकिरी असतात. या रोगात जांभळासारख्या टपोऱ्या, काळ्या-लाल, आत रक्ताच्या गुठळ्या. मात्र अचानक डझनावारी मेली असतील तर कापाकापी करू नकोस, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळव.

औषधाच्या चौथ्या दिवशीही रक्त असेल तर ताजं मेलेलं पिल्लू प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फावर ठेवून दवाखान्यात ने. फ्रीजरमध्ये गोठवू नकोस, आतड्यांच्या पेशी फाटतात आणि तपासणाऱ्याला नीट दिसत नाही.

तुझा,
बाळ्या