पाट्या चार भाषांत, रुमाल मात्र एकच

महोदय,

परभणीच्या मित्रासोबत पाठीवर पिशव्या टाकून मी नुकताच सिंगापूर पायी हिंडून आलो. तेथील साऊथ ब्रिज रोडवर जामे मशीद, 1827 मध्ये स्थापन झालेले श्री मरिअम्मन मंदिर आणि बुद्धदंत मंदिर अगदी हाकेच्या अंतरावर आहेत, तर धोक्याच्या कित्येक पाट्या इंग्रजी, चिनी, मलय व तमिळ या चारही राजभाषांत आहेत. मॅक्सवेल फूड सेंटरमध्ये टेबलावर कागदी रुमालांचे पुडके ठेवून जागा धरलेली पाहताच मित्राला एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल आठवला!

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबी, तर शेजारच्या तेलंगणातून तेलुगू भाषक नित्य येतात. त्यांच्यासाठी रेल्वे स्थानकापासून गोदावरीच्या घाटापर्यंत गुरुमुखी आणि तेलुगूतही दिशादर्शक पाट्या लावाव्यात आणि त्याआधी पदपथ चालण्याजोगे करावेत, ही विनंती.

– एक वाचक, नांदेड