रिसीव्हर घेण्याआधी

नौपाडा, ठाणे (पश्चिम)
दि. १२ जुलै

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. नेरूळच्या नव्या घरात होम थिएटर बसवण्याचे तू अखेर मनावर घेतलेस, हे वाचून आनंद झाला. मात्र तू केलेली तीन रिसीव्हरांची, म्हणजे स्पीकरांना आवाज आणि ताकद पुरवणाऱ्या यंत्रांची, तुलना पाहता तू वॉटच्या आकड्यावरच अडून बसला आहेस, असे दिसते. तिसऱ्याच्या खोक्यावर दीडशे वॉट छापले आहेत म्हणून तो तुला सरस वाटतो, पण तो आकडा कोणत्या अटींवर मोजला, हे त्याच ओळीच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिलेले असते: सहा ओहम (स्पीकरचा विद्युत रोध), एकच चॅनेल (एका स्पीकरला जाणारी आवाजाची वाट) चालू, दहा टक्के विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड). डेनॉनच्या एक्स१८००एच या रिसीव्हरचे ८० वॉट मात्र आठ ओहमवर, दोन चॅनेल चालू ठेवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात ०.०८ टक्के विकृतीने मोजलेले आहेत, तेव्हा या दोन आकड्यांची बरोबरी लावण्यात काही अर्थ नाही. आवाज तीन डेसिबलने वाढवायचा तर वॉट दुप्पट लागतात, म्हणजे ८० आणि, समजा, ९५ वॉट यांमधला फरक एक डेसिबलही भरत नाही. याउलट ८८ऐवजी ९१ डेसिबल संवेदनक्षमतेचे (म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये जास्त आवाज देणारे) स्पीकर घेतलेस, तर तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये मिळेल. म्हणून मी तुझ्या जागी असतो तर रिसीव्हरातून दहा हजार वाचवून मधल्या स्पीकरवर घातले असते; चित्रपटातले बहुतेक संवाद तिथूनच येतात, आणि संवाद कळत नाहीत म्हणूनच तर तू टीव्हीच्या आवाजाला कंटाळला आहेस.

चॅनेलांविषयी थोडक्यात सांगतो. तुझा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असल्यामुळे पाठीमागच्या जादा दोन स्पीकरांना तुझ्याकडे जागाच नाही. सात चॅनेल घ्यायचे ते छतातल्या दोन ॲटमॉस स्पीकरांसाठी; ॲटमॉस म्हणजे आवाज डोक्यावरूनही ऐकवणारी डॉल्बीची पद्धत. छत फोडायची वहिनींची तयारी नसेल, तर यामाहाचा पाच चॅनेलचा आरएक्स-व्ही४ए पुरेसा आहे, पण त्यात ॲटमॉस नाही, हे आधीच लक्षात ठेव. टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेने रिसीव्हरकडे नेण्याच्या सोयीला आर्क म्हणतात आणि तिच्या सुधारित रूपाला ईआर्क; टीव्हीला ईआर्क नाही म्हणून टीव्हीही बदलू नकोस. ओटीटीवरचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस या आटोपशीर केलेल्या आवाजातून येतो आणि तो साध्या आर्कवरूनही जाऊ शकतो. ईआर्क लागतो तो ब्लू-रे डिस्कवरच्या ट्रूएचडी या काहीही न गाळलेल्या आवाजासाठी, आणि ब्लू-रे प्लेअर तू थेट रिसीव्हरलाच जोडणार आहेस.

खरे मोल आहे ते खोलीनुसार आवाज जुळवण्याच्या सोयीचे. डेनॉनमध्ये ऑडिसी आहे, यामाहात वायपाओ. आमच्याकडे पहिल्या खेपेला मी मोजणीचा माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवला, आणि चाचणीचा फटफट आवाज सुरू होताच शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. आजूबाजूला गोंगाट फार आहे, अशी सूचना पडद्यावर आली. मग पंखा आणि फ्रिज बंद करून, माइक कॅमेऱ्याच्या तिपाईवर कानाच्या उंचीला लावून, रात्री पुन्हा बसलो, तेव्हा उजव्या स्पीकरच्या तारा उलट जोडल्या असाव्यात, असे यंत्राने कळवले. अशी सूचना कधीकधी विनाकारणही येते, म्हणून मी ती धुडकावणार होतो. तरी टॉर्च घेऊन मागे पाहिले, तर लाल टोक खरोखरच काळ्या खुंटीत अडकवले होते, आणि तेही मीच. तारा नीट करून सर्व स्पीकर ‘स्मॉल’वर व क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज वाटून देण्याची सीमा, ८० हर्ट्झवर ठेवल्यावर खालचा आवाज सबवूफरकडे, म्हणजे जड सुरांच्या वेगळ्या स्पीकरकडे, गेला आणि संवाद मोकळे झाले. एवढे मात्र खरे की कोणतीही मोजणी भिंतींपुढे पुरी पडत नाही. तुझ्या १६ फुटी हॉलमध्ये साधारण ३५ हर्ट्झचा सूर लांबीभर घुमेल, आणि भिंतीला टेकून बसणाऱ्याला तो सर्वांत जाड ऐकू येईल. सोफा दीड फूट पुढे ओढता आला तर पाहा. सबवूफरखाली जाड रबराची चटई घालायला विसरू नकोस, कारण खालच्या मजल्यावरच्यांना तुझ्या चित्रपटातले फक्त धमाके ऐकू येणार आहेत.

खरेदीबाबत एक अनुभव सांगतो. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने मला बराच स्वस्त रिसीव्हर दाखवला होता. सौदा पक्काच होत आला होता, पण पाठीमागची पट्टी वाचली तर तिच्यावर १२० व्होल्ट लिहिले होते. अमेरिकेतला माल, आपल्या २३० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर वेगळा आणि भारतातली वॉरंटी शून्य. मी दादरमार्गे रिकाम्या हाताने ठाण्याला परतलो. बिल आणि वॉरंटी कार्ड यांवरचा अनुक्रमांक खोक्याशी ताडून घे, आणि दुरुस्ती नवी मुंबईत होते की मुंबईला पाठवावी लागते, तेही विचार.

सुताराला टीव्ही युनिट करायला सांगितले असशील, तर रिसीव्हरचा कप्पा मागून उघडा ठेव आणि वर किमान सहा इंच जागा सोड. माझा रिसीव्हर दोन तासांत हाताला चांगलाच गरम लागतो. टेपने सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचे अंतर मोजून मला कळव, म्हणजे तारा किती मीटर लागतील ते सांगता येईल. माइकची तिपाई मी घेऊन येईन. त्या दिवशी कुकर लवकर लावायला वहिनींना सांगून ठेव.

तुझा,
श्रीकांत